मन्मथअप्पांचं एकमेव ‘कम्प्लीटली’

नव्या जिल्ह्याच्या जडणघडणीत सत्याला जागणाऱ्या माणसांचा वाटा फार मोठा असतो. हे वाक्य मन्मथअप्पांपुढं ठेवलं असतं तर त्यांनी चष्मा कपाळावर सारला असता आणि विचारलं असतं, “मोठा म्हणजे लार्जली की चीफली?” मग दुसरा प्रश्न आला असता, “आणि जागणारी म्हणजे? रोज?”

तेव्हा ते वाक्य मी मागं घेतो. मन्मथअप्पा सत्याला जागायचे, पण मोस्टली.

लातूरचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी मुखेडच्या तहसील कचेरीत कारकून होतो. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांनी आपल्याला नको असलेली माणसं मोठ्या मनानं देऊन टाकली. त्या दानात मी लातूरला आलो. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. वर साहेब लोक, खाली आम्ही आणि आमच्या शेजारी घरमालकाची तुरीची पोती, कारण त्यानं गोदाम अजून रिकामं करून दिलं नव्हतं. खुर्च्या यायच्या होत्या, शिक्के यायचे होते, दारावरची पाटी रंगायची होती. दुष्काळ तेवढा वेळेवर येऊन बसला होता. त्यामुळं साऱ्या कचेरीत पहिलं स्वतंत्र कपाट मिळालं ते आमच्या टंचाई शाखेला. बाकीच्या शाखा आमच्याकडं असूयेनं बघायच्या.

दुष्काळ पाहायला दिल्लीचं पथक येणार असं कळलं आणि इंग्रजीची गरज पडली. कचेरीत इंग्रजी वाचणारे दोघं-तिघं होते, इंग्रजीत सही करणारे भरपूर होते. लिहिणारा कुणी नव्हता. आमचे उपजिल्हाधिकारी पुण्याकडचे. ते म्हणाले, “कॉलेजात कुणी असेल तर मागून घ्या.” अशा रीतीनं प्राध्यापक मन्मथअप्पा कोरे दुपारचे तास संपवून आमच्याकडं येऊ लागले. नेमणूक तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे किती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

अंगानं भरदार, कपाळावर भस्माच्या ठळक रेघा, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हातात छत्री. त्या वर्षी छत्री घेऊन फिरणारा लातुरात दुसरा माणूस नसावा. तुरीच्या पोत्यांवरचे हमाल त्यांना रोज विचारायचे, “का हो अप्पा, पानी येनार हाय का आज?” अप्पा न चिडता सांगायचे, “पावसाळ्यात जनरली येतो.” हमाल हसायचे. अप्पा छत्री खुंटीला अडकवायचे आणि कामाला लागायचे. स्वतःच्या इंग्रजीचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवत नसत. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकलेले. म्हणायचे, “अक्सर आणि ज्यादातर यातला फरक ज्याला मौलवीनं छडी मारून शिकवला, त्याला इंग्रजी जड जात नाही.”

त्यांचा सारा जीव एका प्रकारच्या शब्दांत अडकलेला होता. एखादी गोष्ट सगळीच्या सगळी नाही, पण बरीचशी आहे, असं सांगणारे शब्द. इंग्रजीत असे पुष्कळ आहेत आणि आपण कुठलाही उचलून कुठंही ठेवतो, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. “मराठीत आपण एका शब्दावर भागवतो. बहुतेक,” ते म्हणायचे. “बहुतेक याचा अर्थ, मी जाऊन बघितलेलं नाही.”

मला त्यांनी हा फरक शिकवला तो कचेरीसमोरच्या टपरीवर, सुशीलेच्या बशीवर. मुरमुरे भिजवून, पिळून फोडणीत परतायचे आणि वर डाळ्याचं पीठ भुरभुरायचं, याला आमच्याकडं सुशीला म्हणतात. अप्पांनी माझी बशी ओढून घेतली आणि वर्तमानपत्रावर पालथी केली.

“यात डोकी कुणाची जास्त?”

“मुरमुऱ्यांची.”

“मग ही मोस्टली मुरमुरे. मोस्टली म्हणजे डोकी मोजायची.” त्यांनी मूठभर सुशीला पिळली. कागद ओला झाला. “वजन कशाचं?”

“पाण्याचं.”

“लार्जली पाणी. लार्जली म्हणजे पसारा. आता सांगा, आल्या आल्या तुम्ही वेचून काय खाल्लंत?”

“शेंगदाणे.”

“चार होते. पण चीफली शेंगदाणे. चीफली म्हणजे मान. आणि मुळात ही खाता कशाला?”

“स्वस्त आहे म्हणून.”

“ते मेनली. मेनली म्हणजे कारण.”

तेवढ्यात साहेब जीपमधून उतरून आमच्या मागून गेले. ‘सुशीला लार्जली पाणी’ एवढंच त्यांच्या कानावर पडलं असावं. त्यांच्या पत्नीचं नाव सुशीला आहे हे आम्हाला पुढं कधीतरी कळलं. त्या महिन्यात साहेब माझ्याशी जरा तुटक का वागत होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

सुशीला गार होऊन गेली होती. मी ती तशीच संपवली आणि म्हणालो, “घ्या अप्पा. कम्प्लीटली.”

अप्पांनी कागदावर वाकून पाहिलं. “घडीत दोन दाणे राहिलेत,” ते म्हणाले.

कम्प्लीटली, टोटली, एंटायरली ही मंडळी त्यांना सोसत नसत. “हे शब्द देवानं वापरावेत,” ते म्हणायचे. देव आहे का, असं मी एकदा विचारलं. अप्पा रोज इष्टलिंगाची पूजा करणारे, त्यामुळं उत्तर ठरलेलं असेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “आहे. सोमवारी चीफली.” लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचंही कारण याच मापात होतं. “एका मुलीला मी लार्जली पसंत होतो. पण तिथं कम्प्लीटली लागतं.”

उदगीरचे एक गृहस्थ अप्पांच्या एका माजी विद्यार्थ्याची चौकशी करायला आले. मुलीसाठी स्थळ म्हणून पाहत होते.

“पोरगा निर्व्यसनी हाय न्हवं सर?”

“जनरली.”

“म्हंजे?”

“म्हणजे मी बघतो तेव्हा.”

लग्न जमलं, थाटात झालं. अप्पांना पत्रिका आली नाही.

पण त्यांच्या शब्दांचा खरा विजय झाला तो नव्या इमारतीच्या पायाभरणीला. स्वागत समितीचे अध्यक्ष एक दाळमिलवाले शेटजी होते. दिल्लीचे एक पाहुणे यायचे म्हणून भाषणात एक परिच्छेद इंग्रजीत असावा, अशी त्यांची हौस. ते अप्पांना म्हणाले, “त्यात एवढं टाका अप्पा, की साऱ्या जिल्ह्यातली जनता आपल्या मनानं जमली हाय.”

अप्पा उठून मंडपामागं गेले. तिथं मोठ्या कढया चढल्या होत्या आणि मंडपात होते त्याहून जास्त लोक कढयांभोवती होते. अप्पांनी शांतपणे पाहिलं, परत आले आणि लिहिलं. त्या इंग्रजीचा अर्थ असा होता: ‘जनता फार मोठ्या संख्येनं जमलेली आहे, मेनली जेवणासाठी.’ शेटजींना वाचता यावं म्हणून मी ते देवनागरीत उतरवून दिलं.

शेटजींनी हात वर करून, आवाज चढवून ते वाक्य वाचलं. डुलक्या घेणारे दिल्लीचे पाहुणे दचकून जागे झाले, हसले आणि टाळ्या वाजवू लागले. पाहुणे टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर साऱ्या मंडपानं वाजवल्या. शेटजी खाली उतरले ते घामानं आणि आनंदानं भिजलेले. “अप्पांच्या इंग्रजीत वजन हाय बगा,” ते मला म्हणाले. तो परिच्छेद त्यांनी जपून ठेवला आणि पुढं आणखी दोन कार्यक्रमांत वाचला. त्यातला एक शोकसभेचा होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

अप्पा आणि मी एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. त्यांचं गाव हिप्परवाडी, लातूरहून यष्टीनं दोन-अडीच तासांवर. तिथं थोरले भाऊ, शिवप्पादादा, शेती बघायचे. अप्पांची आई लवकर गेली होती. दादांची बायको काशीबाई, म्हणजे अप्पांच्या वहिनी, यांनीच त्यांना वाढवलं. अप्पा नांदेडला शिकायला होते तेव्हा वहिनी यष्टीच्या ड्रायव्हरपाशी डबा द्यायच्या आणि अप्पा स्टँडवर जाऊन घ्यायचे. आमच्या भागात शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच यायचे. पोरं नोकरीला लागली की डबे थांबतात. अप्पांचा थांबला नाही. ते प्राध्यापक झाले, केस पांढरे झाले, तरी सकाळच्या गाडीनं हिप्परवाडीहून डबा यायचाच. ज्वारीच्या भाकरी, एखादी भाजी आणि घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात वरण. सोबत फिरकीचा एक तांब्या, त्यात घरच्या विहिरीचं पाणी. कारण लातूरच्या नळाचं पाणी अप्पांना चालत नसे. कुणी पेला पुढं केला की ते आधी नाकाशी न्यायचे, अत्तर हुंगावं तसं, आणि पेला तसाच परत ठेवायचे.

डब्यात भाकरी नेहमी दोन माणसांच्या असायच्या, म्हणून मीही जेवायला असायचो. पुढं जे घडलं त्यात माझंही नुकसान झालं ते असं.

पथकासाठी गावागावांची टिपणं इंग्रजीत करायची होती. तलाठ्यांकडून माहिती यायची आणि त्या सगळ्यांना एकच शब्द ठाऊक होता. गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या आहेत, कशा? कम्प्लीटली. अप्पा सुट्टीच्या दिवशी यष्टीत बसून त्या गावांना जायचे. छत्री काखेत, विहिरीच्या काठावर उभे राहून आत खडा टाकायचे आणि कान देऊन ऐकायचे. मग परत येऊन कम्प्लीटली खोडून कुठं मोस्टली, कुठं लार्जली लिहायचे. तलाठी वैतागले. साहेब मात्र खूश होते. “पथकाला असं खरं वाटणारं काहीतरी दिलं पाहिजे,” ते म्हणाले.

एके दुपारी हिप्परवाडीचं टिपण पुढं आलं. त्यावरही तलाठ्याचं कम्प्लीटली होतं. अप्पांनी पेन उचललं.

मी म्हणालो, “अप्पा, हे राहू द्या. तुमचंच गाव आहे.”

“म्हणून तर मला ठाऊक आहे. दादाच्या हिरीला पाणी आहे.”

“एकाच विहिरीला ना?”

“एकाच. म्हणून मोस्टली.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “रोज तांब्यात येतं. तुम्हीही पिता.”

त्यांनी कम्प्लीटली खोडलं आणि वर मोस्टली लिहिलं.

त्या एका शब्दानं जे व्हायचं ते झालं. गावात एका विहिरीला पाणी असेल तर ती सरकारनं ताब्यात घ्यायची, साऱ्या गावाला तिच्यावर पाणी भरू द्यायचं आणि टँकर दुसऱ्या गावाला पाठवायचा, असा नियम होता. साहेबांनी टिपण वाचलं आणि त्याच आठवड्यात हिप्परवाडीचा टँकर बंद झाला. दादांच्या विहिरीवर तलाठ्यानं पांढऱ्या चुन्यानं सरकारी खूण केली. वहिनींचं वांगी-मिरच्यांचं वाफ्याएवढं रान त्या विहिरीवर जगलं होतं, दोन म्हशी जगल्या होत्या. आता पहाटेपासून तिथं गावाची रांग.

दुसऱ्या दिवशी डबा आला. भाकरी होत्या, लसणाची चटणी होती. पितळी डबा उघडला तर रिकामा, धुऊन लखलखीत पुसलेला. तांब्याही तसाच. सोबत आलेला निरोप ड्रायव्हरनं आपल्या पदरचं काही न घालता सांगितला: “काशीबाई म्हनल्या, वरनाला पानी लागतंय.”

अप्पांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. भाकरी मोडून चटणीशी खाल्ली. मग नळाचा पेला भरला, नाकाशी नेला, थोडा वेळ धरून बसले आणि ठेवून दिला. पुढंही डबा रोज येत राहिला, चुकला एकदाही नाही; आणि रोज कोरडाच. रागावलेल्या माणसानं डबा बंद केला असता. वहिनींनी तो चालू ठेवला, हे अप्पांना जास्त लागलं असावं. त्यांचे गाल उतरले. मीही चटणीनं हैराण झालो होतो, पण ते बोलायची वेळ नव्हती.

मग विहिरीनंही तळ गाठला. एका घरासाठी पुरणारं पाणी साऱ्या गावाला किती दिवस पुरणार? दादा स्वतः लातूरला आले. खुर्ची नव्हती म्हणून तुरीच्या पोत्यावर टेकले. फार कमी बोलणारा माणूस. “मन्मथ,” ते म्हणाले, “बायका पल्याडच्या शिवारात पान्याला चालल्यात. सकाळी गेल्या की दुपार व्हतीया. एक चक्कर यिऊन पडली काल.” एवढं बोलून ते उठले आणि परतीच्या गाडीला गेले.

अप्पा साहेबांकडं गेले. मीही मागं होतो. साहेब म्हणाले, “तलाठ्याचं काय, तो सुरुवातीपासून कम्प्लीटलीच म्हणत होता. आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्या शब्दावर टँकर थांबला, सर. तुमच्याच शब्दावर सुरू होईल. विहीर कम्प्लीटली कोरडी आहे असं लिहून द्या, मी आत्ता सही करतो.”

कुणीही लिहून दिलं असतं. अप्पा दुपारच्या यष्टीनं गावी गेले, विहीर बघायला. दुसऱ्या दिवशी परत आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“थोडं आहे.”

“किती?”

“तळाशी एक कातळ आहे, त्याला खळगा. त्यात झिरपतं. चिमणी पिईल एवढं.”

“अहो, मग कोरडीच की!”

“चिमणीला विचारा,” अप्पा म्हणाले.

ते टेबलाशी बसले आणि शब्द शोधू लागले. ऑलमोस्ट लिहिलं, खोडलं. प्रॅक्टिकली लिहिलं, खोडलं. शेवटी व्हर्च्युअली लिहून कागद वर पाठवला. साहेबांनी तो स्वतः खाली आणून दिला. “सर, व्हर्च्युअली कोरड्या गावाला टँकर द्यायची तरतूद नाही,” ते अगतिक होऊन म्हणाले. “कम्प्लीटली. एकच शब्द. गाव तुमचं आहे!”

“म्हणूनच,” अप्पा म्हणाले. पण या वेळी आवाजात जोर नव्हता.

दोन दिवस असेच गेले. मला त्यांचा राग येऊ लागला होता, हे मान्य करतो. बायका उन्हात दुसऱ्या शिवारात चालल्या आहेत आणि हा गृहस्थ शब्द पारखत बसला आहे. आमचा शिपाई सहदेव तर मला म्हणाला, “साहेब, मी लिवू का? मला बी येतंय तेवढं.”

तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला डबा आला नाही. काशीबाईच आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, कळशीच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. ठेंगणी, काटक बाई. डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. पोत्यांमधून वाट काढत त्या सरळ अप्पांच्या टेबलाशी आल्या आणि कळशी कागदांवर ठेवली. टंचाई शाखेचे कागद खालून ओले झाले.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या इंग्रजीत ‘पानी न्हाई’ला शब्द न्हाई का?”

“आहे, वैनी.”

“मग लिवत कामून न्हाईत?”

“तळाला थोडं होतं.”

“व्हतं. आज पहाटं मी सोता उतरले. वाटीनं खरवडून, फडक्यानं टिपून कळशीत घातलं. हे बगा सारं. तुमची हीर आता हितं टेबलावर हाय. आता तिकडं काय ऱ्हायलं?”

कचेरीत सगळे थांबले होते. पोती उचलणारे हमालही उभे राहून बघत होते. अप्पांनी फडकं सोडलं. ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि सवयीनं नाकाशी नेलं. मग ओठांना लावलं. वहिनींकडं पाहिलं. वहिनी त्यांच्याकडंच बघत होत्या, पापणी न लववता. मला वाटलं, त्या पाण्यात घर, लहानपण, सगळं आलं असेल. मला तेव्हा तसलं वाटायचं.

अप्पांनी ओंजळीतलं पाणी पिऊन टाकलं, हात सदऱ्याला पुसले, पेन उघडलं आणि लिहिलं. कम्प्लीटली. लिहिताना हात थांबला नाही. कागद माझ्याकडं दिला आणि म्हणाले, “वर घेऊन जा. पळत.”

मी पळत गेलो. साहेबांनी सही केली.

खाली आलो तर वहिनी पोत्यावर बसल्या होत्या आणि सहदेव कळशीतल्या पाण्याचा चहा करत होता, कारण नेमकं त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं नव्हतं. हिप्परवाडीच्या विहिरीचं शेवटचं पाणी सबंध टंचाई शाखेनं चहा म्हणून प्यायलं. हमालांनाही अर्धा अर्धा कप मिळाला. अप्पांनी चहा घेतला नाही. उन्हात वहिनींना स्टँडवर सोडायला गेले, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच छत्री उघडली, त्यांच्या डोक्यावर धरली.

टँकर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पितळी डब्यात वरण होतं. पातळ होतं. लार्जली पाणी, असं मी म्हणालो. अप्पा हसले नाहीत. त्यांनी भाकरी कुस्करली आणि दोन वाट्या प्यायले.

त्यानंतर ते कचेरीत फार दिवस आले नाहीत. कॉलेजच्या परीक्षा आहेत असं कारण सांगितलं. मेनली परीक्षा का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पथक पुढं आलं, पाहून गेलं, कागद दिल्लीला गेले. पाऊसही आला, जनरली येतो तसा. माझी बदली नांदेडला झाली.

अप्पा निवृत्त होऊन गावी राहायला गेल्याचं कळलं होतं. बऱ्याच वर्षांनी एकदा लातूरला काम निघालं तेव्हा मी वाकडी वाट करून हिप्परवाडीला गेलो. घरासमोर बाजेवर अप्पा बसले होते. सदरा तसाच इस्त्रीचा, पण त्यात आता माणूस कमी होता. कान मंद झाले होते.

“बरे आहात ना?” मी मोठ्यानं विचारलं.

“लार्जली,” ते म्हणाले. “गुडघे सोडून.”

चहा झाला. चार वाजले तसे ते उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि मला म्हणाले, “मी हीर बघून येतो. बसा.” आभाळ निरभ्र होतं. पायवाटेनं, छत्री टेकत, दर चार पावलांना थांबत ते विहिरीकडं गेले. काठावर वाकून काहीतरी टाकलं आणि कान दिला. त्या भेटीनंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देणार नव्हत्या. मी विषय काढावा म्हणून म्हणालो, “वैनी, त्या दिवशी तुम्ही विहीर खरवडून कळशी आणलीत, ते अजून डोळ्यापुढं आहे.”

त्यांनी भाकरी उलटली. “खुळे का काय तुमी? अडीच तास यष्टीत भरली कळशी घिऊन कोन यील? निम्मी सांडली असती. रिकामी आनली आन् लातूरच्या ष्टँडावर नळाला भरली.”

मी विचारलं, “आणि तळातलं ते पाणी?”

“ते व्हतं की. चिमन्या यायच्या त्याला.”

“मग अप्पांना...”

“तुमी पेलात ना त्या पान्याचा च्या? तुमाला कळलं का?”

“नाही.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि भाकरी निखाऱ्यावर फुगायला ठेवली.

त्या वर्षी लातूरच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा इतका वास यायचा, की तो मारायला सहदेव चहात दुप्पट आलं घालायचा. त्या दिवशीही त्यानं ते घातलं होतं; अप्पांच्या ओंजळीत मात्र आलं नव्हतं.